नेहमीचाच शब्द

ज्या गृहस्थांनी आयुष्याची एकतीस वर्षे इतरांचे दस्त नोंदविण्यात, त्यांवरील सह्यांची आणि अंगठ्यांची खातरजमा करण्यात आणि मागाहून कोणी वारस दारी आला असता त्याच्या हाती बिनचूक नक्कल ठेवण्यात घालविली, त्या माझ्या मामांवर वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्याच संगणकासमोर परक्यासारखे बसण्याची पाळी यावी, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. मामा दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झाले आणि वाईस स्थायिक झाले. संगणक त्यांनी घेतला तो करमणुकीसाठी नव्हे. घराण्याची वंशावळ, जुन्या मोडी दस्तांची त्यांनी स्वतः केलेली बाळबोध लिप्यंतरे, जमिनीचे उतारे, मामींच्या मुदतठेवींचे तपशील आणि चार पिढ्यांची छायाचित्रे, असे एक स्वतंत्र दफ्तरच त्यांनी त्या पेटीत लावून ठेवले होते. गेल्या दोन वर्षांत मात्र त्यांची स्मृती हळूहळू मावळू लागली. आणि एके दिवशी सकाळी यंत्राने नित्याप्रमाणे पासवर्ड विचारला तेव्हा तो त्यांना आठवेना. एकदा चुकीचा शब्द घातल्यावर पडद्यावर त्यांनीच पूर्वी लिहून ठेवलेली खूण उमटली. ती रोमन अक्षरांत होती आणि तिच्यात एवढेच होते: "नेहमीचाच."

कुलस्वामिनीचे नाव घालून झाले, नातीचे झाले, जुन्या स्कूटरचा क्रमांक झाला, निवृत्तीची तारीख झाली. शेवटी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलास पाचारण केले. त्याने यंत्राकडे क्षणभर पाहिले आणि निःशंकपणे सांगितले, "फॉरमॅट मारून देतो, काकू. तासाभरात मशीन एकदम नवीन."

"आणि आतलं?" मामींनी विचारले.

"ते जातं."

मामींनी त्याला चहा दिला, वर एक लाडू दिला आणि परत पाठविले. त्या दिवशी रात्री मला दूरध्वनी आला, आणि त्यानंतरच्या चार दिवसांत मला जे शिकावे लागले, ते इतरही कुटुंबांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने हा लेख लिहीत आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, 'परवलीचा शब्द' ही आपली जुनी संज्ञा या विषयाचे मर्म जितके नेमके सांगते तितके क्वचितच दुसरी कोणती संज्ञा सांगत असेल. परवल म्हणजे रात्रीच्या पहाऱ्याला ठरवून दिलेला सांकेतिक शब्द. अंधारात येणारा मनुष्य कोण आहे हे पहारेकऱ्याला दिसत नाही. त्याचे घराणे, त्याचा हुद्दा, त्याची नातीगोती यांचा त्या वेळी काडीइतका उपयोग नसतो. शब्द बरोबर आला तर वाट मोकळी, चुकला तर भाला आडवा. संगणकाचा पहारेकरी नेमका असाच आंधळा आहे. पत्नी, पुत्र, भाचा ही नाती त्याच्या हिशेबी शून्य आहेत, आणि खुद्द मालकही शब्द विसरला की त्याच्या लेखी परकाच ठरतो.

या पहाऱ्याचा इतिहास फार जुना नाही. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी एकाच महाकाय संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे अशी व्यवस्था सिद्ध केली. यंत्र एक आणि माणसे अनेक असे झाल्यावर प्रत्येकाची कागदपत्रे अलग राखणे आणि त्याच्या वाट्यास आलेल्या वेळेचा हिशेब ठेवणे ओघानेच आले, आणि त्यासाठी प्रत्येकास एकेक गुप्त शब्द देण्यात आला. पुढल्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याचे चार तास अपुरे पडू लागले. तेव्हा त्याने एका शुक्रवारी रात्री छिद्रित पत्रिकेवर रीतसर मागणी नोंदवून परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादीच छापून घेतली आणि शनिवारी पहाटे ती कपाटातून उचलून आणली. १९६६ साली तर त्याहून मौज झाली. त्याच व्यवस्थेत दोन कारभारी एकाच वेळी दोन निरनिराळ्या मजकुरांत दुरुस्त्या करीत असता त्या मजकुरांची अदलाबदल झाली, आणि दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे गुप्त शब्द प्रत्येक येणाराच्या पुढ्यात आपोआप छापले जाऊ लागले.

या दोन्ही प्रसंगांचे मूळ एकच होते: गुप्त शब्द जसेच्या तसे लिहून ठेवलेले होते. पहारेकऱ्याच्या खिशातच परवलीची चिठ्ठी असेल तर खिसा कापणाऱ्यास पुढचे श्रम पडत नाहीत. यावर तोड काढली ती इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात, १९६७ च्या सुमारास, रॉजर नीडहॅम यांनी. त्यांची युक्ती अशी की, शब्द साठवायचाच नाही. त्यावर एक गणिती प्रक्रिया करून तिचे जे फळ येईल तेवढेच साठवायचे, आणि ती प्रक्रियाही अशी निवडायची की शब्दावरून फळ क्षणात निघावे, परंतु फळावरून शब्द कोणासही काढता येऊ नये. गिरणीत दळलेल्या पिठातून ज्याप्रमाणे जोंधळ्याचा दाणा पुन्हा उभा करता येत नाही, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की ही गिरणी इतकी काटेकोर असते की एक दाणा जरी वेगळा पडला तरी पीठ ओळखू येणार नाही इतके पालटते. आपण शब्द टंकित केला की यंत्र तो पुन्हा दळते आणि ताजे पीठ जुन्या पिठाशी रुजू घालून पाहते. रुजुवात जमली की दार उघडते.

१९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन या दोघांनी या व्यवस्थेत आणखी एक भर घातली, तिचे नावच 'मीठ' असे आहे. प्रत्येकाच्या शब्दात दळण्यापूर्वी एक यदृच्छेने निवडलेली संख्या चिमूटभर मिसळायची, म्हणजे दोन माणसांचा शब्द एकच असला तरी त्यांची पिठे निराळी निघतात, आणि आगाऊ दळून ठेवलेल्या पिठांचा साठा घेऊन येणाऱ्या चोराची मेहनत फुकट जाते. याच दोघांनी लोकांचे ३२८९ शब्द तपासले असता त्यांतील २८३१, म्हणजे शेकडा ८६, इतके तोकडे किंवा कोशात सापडणारे निघाले की ते सहज हुडकता यावेत. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. आमच्या मामांचा 'नेहमीचा' शब्दही बहुधा त्याच जातीचा असावा. परंतु जे चोराला हजारोंच्या ढिगातून कोणाचे तरी सहज सापडते, ते आप्तांना एका नेमक्या माणसाच्या बाबतीत चार दिवसांतही सापडत नाही, ही गोष्ट मात्र अनुभवाने सांगतो.

वाचकाने यातून एक व्यावहारिक निष्कर्ष पक्का बांधून ठेवावा. विसरलेला जुना शब्द परत मिळवणे आणि संगणकात परत प्रवेश मिळवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बहुधा अशक्य असते, कारण तो शब्द यंत्रापाशी नाही, ते बनविणाऱ्या कंपनीपाशी नाही आणि सेवा देणाऱ्यांपाशीही नसावा अशीच योजना असते. म्हणून जो कोणी "तुमचा जुना पासवर्ड काढून देतो" असे दूरध्वनीवरून सांगून पैसे मागेल, तो लबाड समजावा. दुसरी गोष्ट, म्हणजे जुना शब्द रद्द करून नवा बसविणे, पुष्कळदा शक्य असते. आणि ती शक्य आहे की नाही हे ठरते ते आपल्यासमोर कुलपाचा कोणता प्रकार आहे यावर.

कुलपाचे प्रकार दोन. पहिला केवळ दरवानाचा. वाड्याच्या दिंडीवर पहारा आहे, परंतु आत माजघरात सारे कागद उघड्यावर पडलेले आहेत. परसदाराने किंवा भिंतीवरून कोणी आत उतरला तर त्यास वाचण्यास अडकाठी नाही. पूर्वीचे बहुतेक घरगुती संगणक या प्रकारचे असत. त्यांची साठवणुकीची तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडली, किंवा पेनड्राइव्हवर लिनक्स प्रणाली घेऊन तिच्यावरून यंत्र चालू केले, की दरवानास न उठवता सगळा मजकूर पाहता येतो आणि त्याची नक्कल उतरून घेता येते. गल्लीतल्या मुलाने फॉरमॅटचा उपाय सुचविला, तो या दृष्टीने केवळ आळसाचा होता. दिंडी उघडत नाही म्हणून वाडा पाडून नवा बांधून देण्यासारखा.

दुसरा प्रकार मात्र गूढलेखनाचा. येथे दरवान असो वा नसो, आतला प्रत्येक कागदच अशा लिपीत फिरवून ठेवलेला असतो की किल्लीवाचून त्यातील एक अक्षर वाचता येऊ नये. विंडोज प्रणालीत बिटलॉकर या नावाने ही सोय २००७ साली व्हिस्टा आवृत्तीबरोबर आली. ॲपलच्या संगणकांत फाइलव्हॉल्टच्या रूपाने २०११ पासून संपूर्ण तबकडी अशी बंद करता येते, आणि त्यांच्या अलीकडच्या यंत्रांत तर साठवण चिपच्या द्वारे मुळातच गूढलिखित असते, सबब ती बाहेर काढून दुसरीकडे जोडणे हा उपाय तेथे संभवतच नाही. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रावर मायक्रोसॉफ्टचे खाते जोडताच हे कुलूप सामान्यतः आपोआप पडते. मालकाने ते मागितलेले नसते, पुष्कळदा ते पडले आहे हेही त्याला ठाऊक नसते. ज्या दिवशी यंत्र बिघडते किंवा तबकडी दुसरीकडे जोडली जाते, त्या दिवशी निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस अंकांची मागणी उभी राहते आणि घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

ही अठ्ठेचाळीस अंकी पुनःप्राप्ती किल्ली म्हणजे एक मोठी सुबक वस्तू आहे. सहा सहा अंकांचे आठ गट, आणि प्रत्येक गटास ११ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे कागदावरून उतरवून घेताना एखादा अंक चुकला की तो गट तेथल्या तेथे नाकारला जातो. तिच्या मागे जी संख्या दडलेली असते ती इतक्या शक्यतांतून निवडलेली असते की त्यांची मोजदाद लिहिण्यास एकोणचाळीस अंक लागतात. दर सेकंदास एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारे यंत्र कोणी बनविले, तरी विश्वाचे जे वय शास्त्रज्ञ सांगतात, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षे, त्याच्या कोट्यवधी पटींनी काळ त्यास पुरणार नाही. तेव्हा अशा यंत्रापुढे कोणाही कारागिराच्या कौशल्याचा इलाज चालत नाही. किल्ली कोठे असेल एवढाच शोध करावयाचा: मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा आपोआप नोंदली गेलेली असते, नसल्यास छापील कागदावर, पेनड्राइव्हवर किंवा कार्यालयाचे यंत्र असल्यास कार्यालयाच्या कारभाऱ्याकडे. ॲपलची किल्ली चोवीस अक्षरांची, चार चारांच्या सहा गटांत असते.

येथे मामांच्याच आवडत्या विषयाची आठवण होते. वाईपासून हाकेच्या अंतरावर मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे आणि तेथले दफ्तर इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर रुमालांवर रुमाल रचलेले आहेत. या कागदांची लिपी मोडी, शाई फिकट, भाषा आडवळणाची. आज शंभर सुशिक्षितांतील एकासही ते वाचता येत नाहीत, आणि तरीही ते गमावलेले नाहीत, कारण मोडी कोणासही शिकता येते. कष्ट केले, जाणकार गुरू मिळाला, की दोनशे वर्षांपूर्वीचा कारकून आपल्याशी बोलू लागतो. आजवर घराण्यांच्या कागदांवर जी जी संकटे आली, वाळवी, ओल, विस्मृत लिपी, त्यांतून जे उरले ते पुढील पिढीच्या विद्वत्तेने आणि चिकाटीने परत मिळविता आले. गूढलिखित तबकडीची गोष्ट अगदी वेगळी आहे. ती शंभर वर्षे कोरड्या कपाटात अक्षत राहिली आणि जगातले सगळे पंडित तिच्याभोवती बसले, तरी किल्लीवाचून ती मुकी. मागाहून केलेल्या विद्वत्तेची भरपाई येथे चालत नाही; आधी केलेली तजवीज तेवढी चालते.

आता प्रत्यक्ष उपायांचा क्रम सांगतो. तो कमी धोक्याकडून अधिक धोक्याकडे जाणारा आहे आणि तसाच पाळावा. यंत्राच्या पहिल्या पडद्यावर मालकाच्या नावाखाली विद्युत्टपालाचा पत्ता दिसत असेल तर ते मायक्रोसॉफ्टचे खाते होय. त्याचा शब्द दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरून किंवा मोबाइलवरून बदलता येतो, मात्र नोंदविलेल्या क्रमांकावर वा पत्त्यावर येणारा सांकेतिक अंक हाती यावा लागतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्या माणसाचा मोबाइल क्रमांक रिचार्जअभावी बंद पडू देऊ नये. तो क्रमांक हीच अनेक कुलपांची एक किल्ली असते. खाते त्या यंत्रापुरतेच असेल तर आगाऊ करून ठेवलेला पुनःस्थापनेचा पेनड्राइव्ह आहे काय ते पाहावे, आणि नसल्यास सुरक्षाप्रश्नांकडे वळावे. त्याच यंत्रावर दुसऱ्या कोणाचे प्रशासकाचे खाते असेल तर तेथूनही पहिल्याचा शब्द बदलता येतो; परंतु असा जबरीने बदल केल्यास मालकाने विंडोजच्या सोयीने स्वतंत्रपणे गूढलिखित केलेल्या फाइली आणि यंत्रात जतन केलेले अन्य संकेतशब्द वाचण्याजोगे राहत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या शब्दाशी बांधलेली असते. तबकडीवरून नक्कल उतरणे हा त्यापुढचा उपाय. फॉरमॅट हा सर्वांत शेवटचा, आणि तोही घरात दुसरीकडे नक्कल आहे अशी खातरी झाल्यावरच.

मामांच्या यंत्रावर गूढलेखन नव्हते, हे मला पहिल्याच दिवशी कळले होते. तबकडी काढून नक्कल घेण्याची माझी तयारीही होती. परंतु मामांनी स्पष्ट नकार दिला. "पेटी फोडायची नाही," ते म्हणाले, आणि ज्या स्वरात त्यांनी एकतीस वर्षे अपुऱ्या मुद्रांकाचे दस्त परत केले असतील, त्या स्वरात म्हणाले. तेव्हा प्रश्नांचा मार्ग उरला.

विंडोज १० मध्ये २०१८ साली ही प्रश्नांची सोय आली. सहा प्रश्नांतून तीन निवडून त्यांची उत्तरे आगाऊ नोंदवायची आणि शब्द विसरल्यास तीच उत्तरे अक्षरशः द्यायची. प्रश्न ज्यांनी रचले त्यांच्या डोळ्यांपुढे वाईचे घर नव्हते हे उघड आहे. त्यांतला एक प्रश्न असा की, तुमच्या आईवडिलांची प्रथम भेट कोणत्या शहरी झाली. मामांच्या आईवडिलांनी एकमेकांस प्रथम पाहिले ते अंतरपाट दूर झाल्यावर. त्या भेटीला शहर म्हणावे की मांडव, हा वादाचा मुद्दा होईल. सुदैवाने मामांनी तो प्रश्न घेतला नव्हता. त्यांनी घेतलेले तीन असे: जन्माचे शहर, सर्वांत थोरल्या 'कझिन'चे नाव आणि लहानपणीचे टोपणनाव.

जन्माचे शहर म्हणून आम्ही वाई घातले. एकदा रोमनमधील डब्ल्यूने, एकदा व्हीने. दोन्ही नाकारले गेले. 'कझिन' हा शब्द तर आपल्या नातेव्यवस्थेला इतका परका की त्यात चुलत, आते, मामे आणि मावस अशी चार घराणी एकदम कोंबली जातात आणि भाऊ की बहीण तेही कळत नाही. आम्ही तीन चुलतभाऊ आणि एक आतेभाऊ खर्ची घातले. टोपणनावाच्या जागी मामींनी 'अण्णा' सुचविले, कारण लग्नापासून त्यांनी तेच ऐकले होते. यंत्राने मान हलविली नाही.

तिसऱ्या दिवशी मी आईला घेऊन गेलो. आई मामांहून सात वर्षांनी मोठी. ती शेजारी येऊन बसली, पडद्याकडे तिने पाहिलेही नाही, आणि भावाला विचारले, "अरे, तुझा जन्म वाईचा कुठला? आई बाळंतपणाला महाडला गेली होती. मी दारात उभी होते." मग किंचित थांबून म्हणाली, "आणि आजी तुला काय हाक मारायची, सांगू का यांना?"

मामांनी मान खाली घातली. त्यांच्या अगोदरची दोन भावंडे पाठोपाठ गेली होती. म्हणून हे तिसरे तरी वाचावे, दगडाधोंड्यासारखे टाकाऊ समजून दृष्ट त्याकडे वळू नये, या आशेने जुन्या काळी जी नावे ठेवीत, त्यांतलेच एक त्यांना दिले होते. "धोंडू," मामा आपणच म्हणाले. कचेरीत, सासरी, स्वतःच्या मुलांसही न सांगितलेले ते नाव त्यांनी यंत्राला मात्र सांगून ठेवले होते.

स्मृती जाताना कोणत्या क्रमाने जाते याचा एक नियम फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थेओद्यूल रिबो यांनी १८८१ साली मांडला आहे: नवे आधी जाते, जुने मागाहून, आणि हाताला बसलेल्या सवयी सर्वांत शेवटी. दोन वर्षांपूर्वी योजलेला 'नेहमीचा' शब्द मामांच्या मनातून पुसला गेला होता. सत्तर वर्षांपूर्वीची हाक जशीच्या तशी होती. त्यांनी कळफलक स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने महाड लिहिले. थोरल्या भावंडाच्या जागी कोणासही न विचारता एका मावसबहिणीचे नाव लिहिले. धोंडू लिहिताना मी यू सुचवू लागलो, तर त्यांनी माझा हात बाजूस सारला आणि जुन्या इंग्रजी शाळेच्या वळणाप्रमाणे शेवटी दोन ओ घातले. नव्या शब्दाची चौकट पडद्यावर उघडली.

कळा मामांनी स्वतः दाबल्या याचे मला आणखी एका कारणाने समाधान आहे. आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ४३ व्या कलमान्वये मालकाच्या किंवा यंत्राचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्या परवानगीविना संगणकात शिरणे हा अपकार ठरतो, आणि तो अप्रामाणिकपणे वा कपटाने केला असेल तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. नाते हा परवानगीचा पर्याय नव्हे. कुलमुखत्यारपत्राचाही येथे फार आधार नाही, कारण १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे ते देणारा मृत्यू पावला किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की मुखत्यारी संपुष्टात येते. म्हणजे नेमकी गरज उत्पन्न होते त्याच क्षणी अधिकार नाहीसा होतो. ही उणीव ओळखूनच २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाच्या १४ व्या कलमात, मृत्यू किंवा असमर्थता आल्यास आपले हक्क चालविण्यासाठी नामनिर्देशन करण्याची तरतूद ठेवली आहे. गूगलने २०१३ पासून अशी सोय दिली आहे की खाते तीन ते अठरा महिन्यांपैकी ठरविलेली मुदत निष्क्रिय राहिल्यास आपण नेमलेल्या दहापर्यंत व्यक्तींना कळविले जावे आणि सांगितलेली माहिती त्यांस मिळावी. ॲपलने २०२१ च्या डिसेंबरात पाचपर्यंत वारसदार नेमण्याची व्यवस्था केली. त्यांना एक किल्ली आणि मृत्यूचा दाखला सादर करावा लागतो. या सगळ्या सोयींत एक गोष्ट समान आहे: त्या मालकाने धडधाकट असताना स्वतः करून ठेवाव्या लागतात.

संध्याकाळी चहा घेताना मी हे सारे नावीन्य मोठ्या उत्साहाने मामांस सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "यात नवीन काय आहे? १९०८ चा कायदा वाच." मी अचंबित झालो, कारण त्याच सकाळी त्यांनी मला दोनदा विचारले होते की तू कधी आलास. नोंदणी अधिनियम, १९०८, याच्या ४२ व्या कलमान्वये कोणाही मनुष्यास आपले मृत्युपत्र मोहोरबंद लखोट्यात घालून निबंधकाकडे ठेवता येते. लखोट्यावर ठेवणाराचे नाव आणि आतील दस्ताचा प्रकार लिहिलेला असावा लागतो. निबंधकाने तो अग्निरोधक पेटीत ठेवायचा. ठेवणारा हयात आहे तोवर त्याच्यावाचून किंवा त्याने रीतसर अधिकार दिलेल्या मुखत्यारावाचून तो कोणास परत द्यायचा नाही. तो मृत्यू पावल्यावर अर्ज आला तर अर्जदाराच्या समक्ष लखोटा फोडून मजकुराची नक्कल नोंदवहीत उतरवायची. मालक असेतोवर गुप्त, नसल्यावर वाचनीय, आणि मधल्या काळात सुरक्षित: आजच्या कंपन्या ज्या पेचाशी झगडत आहेत त्याची उकल सरकारी शाईने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. संकेतशब्द लिहून ठेवणे हे महापाप, असे आपणांस पढविले जाते. ते पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीच्या बाबतीत खरेही आहे. परंतु दूरदेशीचा चोर तारांवाटे येतो, त्याला ट्रंकेतला कागद दिसत नाही. आणि घरात ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल असे एकही माणूस नसेल, तर तो प्रश्न संगणकाचा नव्हे.

मामांनी कोरा लखोटा मागितला. नवा शब्द त्यांनी आम्हांकडे पाठ करून एका कागदावर लिहिला, घडी घालून आत सारला आणि डिंकाने तोंड बंद केले. घरात लाख नव्हती याची त्यांना खंत वाटली. जोडावर आडवी सही केली, खाली तारीख घातली आणि वर सुवाच्य बाळबोधीत लिहिले: स्वतःचे पूर्ण नाव, दस्ताचा प्रकार, संगणकाची परवल. मग लखोटा मामींच्या हाती दिला आणि हात पुढे करून तसेच थांबले.

"आता काय?" मामी म्हणाल्या.

"पोच."

मामींनी दिनदर्शिकेच्या मागील पानावर 'एक लखोटा मिळाला' असे लिहून सही केली, तेव्हा कुठे ते संगणकाकडे वळले. यंत्र नव्या शब्दासाठी खूण मागत होते. मामांनी थोडा विचार केला आणि एका बोटाने, रोमन अक्षरांत, सावकाश लिहिले: "हिला विचारा."